मोहाखालचा काळा गोल

बुधवार, संध्याकाळ. मोहाची फुलं पडायचे दिवस.

जंगल राखायचे पैसे देणाऱ्या कंपनीची माणसं उद्या आमचं जंगल बघायला येतील. वणवा लागला नाही, तरच गावाला पैसे मिळायचे आहेत. मोहाखालचा पाला जाळू नका, तोच विस्तव रानात शिरतो, हे घरोघरी मीच सांगत फिरले. फुलं झेलायला जाळ्याही मीच वाटल्या. आणि आज आमच्याच मोहाखाली काळा गोल. राख अजून गरम होती.

सासूबाईंना विचारलं, "आई, काहून जाळलं जी?"

"त का करू? फूल पांढरं, तुयी जाळी पांढरी. मले दिसते का? काळ्या भुईवर दिसते."

चिडले. पण जाळ्यांचा रंग मीच निवडला, स्वच्छ दिसतो म्हणून. फुलं वेचतात त्या बहुतेक म्हाताऱ्याच, हे माहीत असून. मग अजून किती झाडांखाली असा काळा गोल असेल?

शेवटी त्यांचं जुनं काळं लुगडं मागितलं, पहाटे जाळीवर अंथरायला. पेटीतून काढून दिलं त्यांनी. मग म्हणाल्या, "मले हे झालं. बाकीच्याइले का देशीन?"