दातांचं कारण

अण्णा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी गेल्या महिन्यापर्यंत मी आपल्या त्याच वाटेनं नांदेडला जात होते. निवृत्तीनंतर लातूरला राहायला आले. एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात ते इथलं केंद्र घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर आहे, आणि मी मात्र गुडघे चोळत तीन-तीन तास एस.टी.त बसायची. आमच्यातल्या बऱ्याचजणी असंच करतात. लातूरच्या नांदेडला, नांदेडच्या लातूरला. अहमदपूरजवळ समोरून बस आली की मला वाटायचं, तिच्यातही खिडकीशी कुणीतरी पदर ओढून बसलेली असणार.

माझे यजमान गेले, मागोमाग माझा रिपोर्ट आला, तेव्हा मी अहमदपूरच्या शाळेत शिकवत होते. पहिल्या फेरीला तुम्हीही पायात वहाणा सरकवल्या आणि त्यानंतर एकही महिना चुकवला नाही. परतताना बाटलीवरचं लेबल नखानं खरवडून काढायचात. गोळ्या पिशवीत वाजू नयेत म्हणून खिशातून आणलेला मोंढ्यातला कापूस बाटलीत कोंबायचात. कुणी विचारलं, तर लेकीचे दात दाखवायला चाललोय म्हणायचात. मोंढ्याच्या बाजारात शेतकऱ्यांचा माल तोलणारे मापाडी तुम्ही. तुमच्या काट्यावर आख्ख्या तालुक्यानं कधी शंका घेतली नाही, आणि दर महिन्याला तुम्ही सरळ चेहऱ्यानं खोटं बोलायचात.

एक दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. लोह्याला बस थांबलीय, तुम्ही कागदात पेरू घेऊन आलात, आणि मागच्या सीटवरचा ओळखीचा आडत्या ओरडतोय, "काय अण्णा, लेकीला दात तरी किती हायत? दर महिन्याला नांदेड!"

"बत्तीस हायत. अजून लई राहिलेत," तुम्ही म्हणता, आणि अर्धी बस हसते.

मी हसले नाही. नांदेडला उतरल्यावर भर स्टँडवर तुम्हाला सुनावलं. पोरांनी खोटं बोललेलं मी खपवून घेत नाही, आणि माझ्याच वडिलांनी माझ्यासाठी जन्मभर खोटं बोलायचं? तुम्ही पेरूच्या बिया थुंकलात आणि म्हणालात, "काटा लोकाच्या मालाला हाय, बाय. लेकीला तोलाया न्हाई." मला ते पटलं नाही. पण त्याच सुमारास जळकोटकडच्या एका अंगणवाडीतल्या बाईचं गावाला कळलं, आणि आठवड्याच्या आत लोकांनी तिच्या हातची खिचडी पोरांना खाऊ देणं बंद केलं. त्यानंतर मी दातांबद्दल पुन्हा काही बोलले नाही.

तुम्ही गेल्यावर मी एकटी जात राहिले. लपण्यासाठी, हे तर खरंच. पण त्या बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहिली की तिथं पिशवी ठेवायची नाही, ही सवयही होती.

गेल्या मंगळवारी मात्र नांदेडहून केंद्र बदलून घेतल्याचा कागद घेऊन इथल्या केंद्रात गेले. गुडघ्यांनी हट्ट सोडवला. घरून ठरवून निघाले होते, कुणी विचारलं तर खरं सांगायचं. बाकावर बसते न बसते तोच पांढऱ्या कोटातली एकजण समोर थांबली. अहमदपूरची माझी जुनी विद्यार्थिनी.

"अगं बया, बाई! तुम्ही इथं? कुणासंगं आलात?"

"शेजारणीला घेऊन आलेय," मी म्हणाले. एक क्षणही लागला नाही.

ती आत गेली. बाहेर पळावं असं वाटलं, पण घरी एकच गोळी उरली होती. माझा नंबर पुकारला तेव्हा औषधाच्या खिडकीत तीच बसलेली. कार्ड तिच्या हातात, त्यावर माझं नाव. तिनं ते वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. पाचवीत खोटं बोलली म्हणून मी हिला तासभर वर्गाबाहेर उभी केली होती. आता ती काय म्हणते याची वाट पाहत मी उभी.

गोळ्या पुढे सरकवत ती हळूच म्हणाली, "शेजारणीला सांगा बाई, एकही गोळी चुकवू नका म्हणावं. आन् पुढच्या वेळी बाकावर बसू नका, थेट माझ्याकडं या म्हणावं."

"सांगते," मी म्हणाले.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते टाकलं नसतं. कारण यात कबूल करायचं ते एवढंच आहे, अण्णा: खरं बोलायची पुरती संधी होती, आणि मला त्या खोट्यानंच लई बरं वाटलं.