ताई पडली तर कोण येणार?

चि. राजास,

अनेक आशीर्वाद. रविवार, नऊ मार्च, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी (तुमच्याकडे तेव्हा उजाडलंही नसेल, पण थोरल्या बहिणीचा अपमान करायचा म्हटला की माणूस लवकर उठतो) तू सगळ्या भावंडांच्या देखत, फोनच्या त्या चौकटी-चौकटींच्या पडद्यावर जे बोललास, त्याबद्दल हे पत्र आहे. तू खुशाल असशीलच. ज्या देशात माणसाच्या खुशालीची दरवर्षी मोजदाद होते आणि निकाल वर्तमानपत्रात छापून येतो, तिथे खुशाल नसणं बहुधा बेकायदेशीर असावं. भावजयीला आशीर्वाद. तिची पाठ कशी आहे? तुझी साखर? मी ठणठणीत आहे.

आधी तू काय बोललास ते लिहून काढते, कारण आपण बोललेलं आपल्याला न आठवणं ही तुझी लहानपणापासूनची सोय आहे. तू जीवनमानाची जागतिक यादी वाचून दाखवलीस. तुझा देश चौथा, माझा एकशे अठरावा. (इथपर्यंत मी गप्प होते. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आम्हाला दोनच गोष्टी मनापासून शिकवल्या : पाठ ताठ ठेवणे, आणि मूर्ख माणसाला वाक्य पूर्ण करू देणे.) मग तू जाहीर केलंस की ताईचं वय झालं, म्हणून तुझ्या घराजवळच्या वृद्धनिवासात माझ्यासाठी खोली सांगून ठेवली आहे, जूनपर्यंत मला तिकडे आणायचं, आणि बाबांनी आपल्या दोघांच्या नावावर ठेवलेलं हे घर विकून टाकायचं. दलाल येऊन बघून जाईल म्हणालास. आणि शेवटी घसा खाकरून, "ताई पडली तर तिकडे कोण येणार?" यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशीच्या थोरल्याने तर अंगठा उंचावला. ज्या माणसाच्या बुटाची नाडी लग्नापर्यंत मावशी आणि लग्नानंतर बायको बांधत आली, त्याने माझ्या पडण्याची चिंता वाहावी! आई तुला राजा म्हणायची. तिच्या मते ते लाड होते. तुला ती नेमणूक वाटली.

मी तुझ्या देशाची निंदा करणार नाही. गेल्या वर्षी तीन महिने त्याचं मीठ खाल्लं आहे (त्या जेवणात मिठाखेरीज दुसरं काही नसायचं, ते सोड). तुमचे फुटपाथ मला अजून स्वप्नात दिसतात. तुमच्याकडे मी आभाळाकडे बघत चालले. इथे कित्येक वर्षांत मी रस्त्यात आभाळ बघितलेलं नाही, नजर सारखी पुढच्या खड्ड्यावर. तुमची बस म्हाताऱ्या माणसासाठी एका बाजूने खाली वाकते. पहिल्यांदा ती माझ्यापुढे वाकली तेव्हा मी तिला आशीर्वाद देणार होते. टेलिफोन खात्यात उभा जन्म काढला, पण एवढी अदब मला एकाही साहेबाने दाखवली नव्हती. नळाचं पाणी तसंच पिता येतं, वाचनालयात बसायला मऊ खुर्च्या आहेत, आणि एकट्या पडलेल्या माणसांसाठी तुमच्या सरकारने स्वतंत्र खातं काढलं आहे, हे तू मला किती अभिमानाने सांगितलंस! मी तेव्हाच म्हणाले होते, की आमच्या सरकारला असं खातं काढावं लागलं नाही, कारण इथे कुणाला एकटं राहूच देत नाहीत. तू हसलास. मी विनोद केला नव्हता.

आता तुझ्या त्या मनगटातल्या पट्ट्याची गोष्ट, जी तू भावंडांना अर्धीच सांगितलीस. तू माझ्या हाताला तो लाल बटणाचा पट्टा बांधून कामावर गेलास, मी भांडी घासत होते, बटण कठड्यावर आपटलं. दहा मिनिटांच्या आत अग्निशमन दलाचे दोन तरुण हजर! दारात बूट काढून ठेवले, माझा रक्तदाब मोजला, मी पडलेली नाही याबद्दल आनंद व्यक्त केला आणि गेले. उत्तम. इथवर तू सांगितलंस. पण ते जिना चढून येत असताना समोरच्या दाराच्या भोकातून एक डोळा बघत होता, तो मी पाहिला. ते दार उघडलं नाही. संध्याकाळी दाराखालून एक फुलाफुलांचं कार्ड आत आलं : काळजी करू नका, आम्ही काही पाहिलं नाही. (सहा वर्षं तू त्या दारासमोर राहतोस. तिथे बाई राहते की बुवा, असं मी विचारलं तर तू विचारात पडलास.) दुसऱ्या दिवशी मला एक प्रश्नावली आली : आपला पडण्याचा अनुभव एक ते दहामध्ये कसा वाटला? आणि तुला कामावर संदेश आला होता, की आपल्या नातेवाइकाचं प्रकरण समाधानकारकरीत्या बंद करण्यात आलं आहे. माझं प्रकरण, राजा. ते बंद झालं, आणि तू जेवायला वेळेवर आलास.

आमच्या देशाचे अग्रक्रम निराळे आहेत, हे मला मान्य आहे. इथे देशातला सर्वांत लांब पूल बांधून तयार आहे. त्याच्यापर्यंत जाणारा रस्ता अजून व्हायचा आहे, पण पूल असा काही देखणा झाला आहे, की लोक होडीत बसून तो बघायला जातात. मीही गेले. छाती भरून आली. (परतताना होडीवाल्याला विचारलं, पूल सुरू झाल्यावर तुझ्या धंद्याचं काय? म्हणाला, "आजी, रस्ता होईपर्यंत माझा नातू म्हातारा होईल." असा निश्चिंत माणूस मला तुझ्या चौथ्या क्रमांकावर एकही भेटला नाही.) फुटपाथवर आमच्याकडे भाजी मिळते, चपला शिवून मिळतात, दुचाकी उभी करता येते, पाय तेवढे ठेवता येत नाहीत. पण त्यावरून चालताना माझा तोल गेला तर तीन दुकानांतून तीन हात येतात, आणि तिन्ही दुकानदार मला रागावतात. ही गोष्ट तुझ्या यादीत कोणत्या रकान्यात भरतात?

तरीही तुझा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मी टेलिफोनवाली आहे. लाइन चालू आहे की बंद, हे यादी वाचून कळत नाही, नंबर फिरवून बघावा लागतो. म्हणून बुधवारी सकाळी आंघोळीआधी मी निर्णय घेतला, की आपण पडून बघायचं. म्हणजे खरोखर नव्हे. व्यवस्थित, विचारपूर्वक आडवं व्हायचं आणि कोण येतं ते पाहायचं. दाराला आतून कडी घातली. इस्त्रीचे कपडे घातले (अनोळखी माणसांपुढे चुरगळलेल्या कपड्यांत पडायचं नाही, हे सिस्टरांनी शिकवलं नसलं तरी त्यांना अभिप्रेत होतं). नियमही ठरवले : हाक मारायची नाही, कण्हायचं नाही, फोन जवळ ठेवायचा नाही. मग पॅसेजमध्ये भिंतीला धरून खाली बसले आणि तिथून आडवी झाले. फरशी थंड होती. छताला कोळिष्टकं होती. ती दिसल्यावर खरं तर प्रयोग तिथेच थांबवावासा वाटला.

आणि काय सांगू तुला! कोणतंही बटण न दाबता, कुठल्याही खात्याला न कळवता, दारावर थाप पडली. आले कोण, तर खालच्या मजल्यावरचे हरकतवाले. तुला ते माहीत नाहीत. कोर्टातले निवृत्त टंकलेखक, इमारतीच्या प्रत्येक बैठकीत "माझी एक हरकत आहे" या वाक्याने उभे राहतात, म्हणून हे नाव. माझ्या कुंड्यांचं पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं, यावरून आमचं नऊ वर्षं बोलणं नाही. जे आहे त्याला भांडण म्हणतात. ते दाराबाहेर ओरडत होते. (काय ओरडत होते ते इथे महत्त्वाचं नाही.) मी नियमाप्रमाणे गप्प. त्यांचा आवाज ऐकून समोरच्या घरातली नर्स बाहेर आली, वरच्या मजल्यावरचे नवराबायको उतरले, जिना झाडणारी बाई झाडू घेऊन आली. मग कुणीतरी पत्रं टाकायच्या फटीतून डोकावलं आणि किंचाळलं, "बाईंचे पाय दिसतायत!"

त्यानंतर हरकतवाले ओरडायचे थांबले. नर्स म्हणाली, "कुलूपवाल्याला बोलवा." आणि हा पंच्याहत्तरीचा माणूस, कमरेला पट्टा बांधणारा, म्हणाला, "तोपर्यंत बाई जातील," आणि त्याने खांद्याने माझं दार फोडलं. राजा, दार सागवानी आहे. बाबांनी करवून घेतलेलं. कडी उखडून थेट माझ्या पायापाशी येऊन पडली.

मग जे झालं त्याला तुमच्याकडे परवाना लागला असता. अकरा माणसं घरात. एकजण म्हणे पाय वर करा, दुसरा म्हणे डोकं वर करा; दोघांचं ऐकलं असतं तर माझी होडी झाली असती. नर्सने नाडी धरली आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "मावशी, तुमची नाडी माझ्यापेक्षा चांगली चालते. नाटक पुरे, डोळे उघडा." चौघांनी उचलून मला खुर्चीत बसवलं. तोवर वरच्या बाईंनी माझ्या स्वयंपाकघरात चहा टाकला आणि साखरेचा डबा चुकीच्या फळीवर असल्याचं सर्वांना सांगितलं. झाडूवालीने न सांगता कोळिष्टकं काढली. कुलूपवाला आला तो रुसूनच बसला : "मी दोन मिनिटांत उघडलं असतं, दाराचा खून कशाला केलात?" आणि हरकतवाले खांदा चोळत समोर बसून मला म्हणाले, "बाई, मरायचं असेल तर आधी लेखी कळवत चला. माझं वय आहे का दारं फोडायचं?" मी म्हटलं, "तुमचं वय तर माझ्या कुंड्या मोजायचंही नाही." त्यांनी दोन कप चहा प्यायला. चहा पातळ आहे अशी हरकत घेतली.

तर ताई पडली तेव्हा हे आले. एकालाही प्रशिक्षण नव्हतं, एकानेही बूट काढले नाहीत, एकानेही प्रश्नावली पाठवली नाही. माझं प्रकरण अजून बंद झालेलं नाही. सकाळ-संध्याकाळ कुणीतरी दार ढकलून आत येतं आणि मी जिवंत आहे याची खात्री करून, बसायला वेळ नाही असं म्हणत तासभर बसतं. एकशे अठराव्या क्रमांकाचा मला अभिमान आहे. तेव्हा ती खोली रद्द कर, दलालाला थांबव, आणि हे दोन्ही केल्याचं त्याच भावंडांसमोर, मावशीच्या थोरल्यासकट, जाहीर कर. घरावर माझी सही मिळणार नाही.

तुझी (उभी असलेली)
ताई

ता. क. हरकतवाले काय ओरडत होते, हे तू विचारशीलच. लहानपणापासून तू नको तिथे बोट ठेवतोस. ते ओरडत होते, "बाई, नळ बंद करा, माझ्या पलंगावर धार लागली आहे!" आंघोळीची बादली भरायला लावून मी आडवी झाले होते. ते माझ्यासाठी नाही, भांडायला वर आले होते. पण आले होते, हा मुद्दा राहतोच.

आणखी ता. क. मग नळ बंद का केला नाहीस, हा तुझा पुढचा प्रश्न. बादली भरल्याचं मला ऐकू आलं होतं. उठायला गेले. आडवी मी स्वतःहून झाले होते, हे अक्षरशः खरं आहे. उठणं मात्र जमलं नाही. गुडघा ऐकेना, भिंत हाताशी येईना. हाक मारायची नाही हा नियम मी केव्हाच मोडला होता, पण नळाच्या आवाजात तो मोडलेला कुणाला कळला नाही. बराच वेळ मी छताकडे बघत होते आणि, तू फुशारून जाऊ नयेस म्हणून सांगत नव्हते, तुझा प्रश्न मोठ्याने म्हणत होते. मग दारावर थाप पडली. नऊ वर्षांत तो आवाज मला पहिल्यांदाच गोड वाटला. हे भावंडांना सांगायचं नाही.

शेवटचा ता. क., आणि पत्राचं खरं काम. हरकतवाल्यांचा खांदा निखळला आहे, हात गळ्यात बांधलाय, आणि हे मला त्यांनी नाही, नर्सने सांगितलं. मी त्यांचे आभार मानू शकत नाही. मानले तर ते नरमतील, नरमले तर भांडण मिटेल, आणि भांडण मिटलं तर धार लागल्यावरही ते सभ्यपणाने खालीच बसून राहतील. मग वर कोण येणार? म्हणून त्यांना तू लिही. धाकट्या भावाच्या नात्याने, चांगल्या कागदावर, स्वतःच्या अक्षरात. आणि स्वतःच्या बहिणीचे आभार मानायचे असते तर जसं लिहिलं असतंस तसं लिही. मला त्यातलं अवाक्षर कळता कामा नये. पत्र टाकलंस की तसं मला लेखी कळव, एकतीस मार्च, संध्याकाळी पाचच्या आत.