छातीतल्या कळेची खरी हकिकत

सहलीचा विमा तपासणाऱ्या साहेबांस, तासगावच्या रंगूबाईचा नमस्कार.

माझ्या दुखण्यापायी नातू विश्वजीतनं सिंगापूरची सहल रद्द केली, हे तुमाला पटत न्हाई म्हणं. तुमचा संशय बरोबर हाय, फक्त माणूस चुकला. छातीत कळ आली हे मीच खोटं सांगितलं. मिरजेच्या डॉक्टरलाबी काही सापडलं न्हाई.

आठ दिवसांच्या सहलीला कुणी कॉलेजची सर्टिफिकेटं बॅगेत भरतं का? मला वाचता येत न्हाई, पण शिक्के वळखते. पोरगं परत यायचं न्हाई, हे मी तवाच ताडलं.

त्याला ह्यातलं काही ठाऊक न्हाई, त्याचा क्लेम मंजूर करा. परवा तो पुन्हा तिकिटं काढतोय. तुमच्याकडं लय दुखणी येतात, साहेब. आता कुठलं सांगू?

रंगूबाई
(शेजारच्या शकिलानं लिहिलं. धाडायचं न्हाई, म्हणून अंगठा उठवला न्हाई.)