लाल तळ्याकाठचा पाहुणा

७ जुलै

इथं जुलै म्हणजे ऐन हिवाळा. रात्री वारा पडला आणि तळं गोठलं. सकाळी काठाशी काही रोहित पक्षी पाय बर्फात अडकून उभे. ऊन चढलं तसे सुटले. एक सुटेना — पिवळ्या चोचीचा, लहान जातीचा. बेनिग्नो पलीकडच्या चौकीवरून मोटारसायकलवर आला होता. अभयारण्याचे राखणदार आम्ही दोघंच. त्यानं बर्फ फोडला, मी पक्षी शालीत गुंडाळून घरी आणला.

सासूबाई चुलीपाशी. डोळ्यांना आता नुसत्या सावल्या दिसतात.

"काय आणलंस?"

"पक्षी, आई."

"आणि ते दारात कोण?"

"बेनिग्नो."

"परत?"

तो चहा न घेताच गेला.

८ जुलै

पक्षी खात नाही. सासूबाई म्हणाल्या, दे इकडे. मांडीवर घेऊन बसल्या. माझा नवरा सिप्रियान सरहद्दीपलीकडे खाणीत गेला — कामाला, आणि मग तिथूनच देवाघरी — तेव्हापासून त्यांच्या तोंडून गोड शब्द ऐकला नव्हता. आज पक्ष्याला म्हणत होत्या, "माझं पाखरू, माझं सोनं." मी किन्वाचे दाणे पाखडायचं थांबवून ऐकत राहिले. मला अजून "ए पोरी"च म्हणतात.

१० जुलै

बेनिग्नोनं तळ्यातलं बादलीभर लाल गाळपाणी आणलं. पक्ष्यानं चोच उलटी बुडवली. खाल्लं!

सासूबाईंनी मला विचारलं, "आज तळं कसं आहे गं?"

बेनिग्नोच बोलला, "वाऱ्यानं ढवळलंय, मावशी. कळपातला लामा कापल्यावर परातीत रक्त साठतं ना, तसं दिसतंय."

"तुला विचारलं का मी?"

११ जुलै

वारा. दुसरं काही नाही.

१३ जुलै

"तो माणूस रोज का येतो?"

"पक्ष्याला बघायला, आई."

"हं. त्याच्या चौकीपाशी पक्षी नसतील."

त्याची बायको जाऊनही बरीच वर्षं झाली. लोक काय बोलतील ते बोलतील, पण घरातच असं? दुपारी त्याला सांगितलं, येत जाऊ नका. "बरं," म्हणाला. जाताना दाराचं निखळलेलं बिजागर बसवून गेला.

१६ जुलै

पक्षी सोडला. गरम झऱ्यापाशी पाणी गोठत नाही, थवा तिथंच असतो. सासूबाईंना हाताला धरून नेलं. पक्षी त्यांच्याच कवेत. त्यांनी हात सैल केले. तो पाण्यावरून धावला, उडाला, थव्याच्या जरा बाजूला उतरला.

"घेतला का त्यांनी?"

मी बघत राहिले. हळूहळू सरकत सरकत मिसळला. मग मलाही ओळखता येईना.

"घेतला, आई."

घरी आल्यावर चूल पेटवली. बेनिग्नो आला नाही. कसा येईल? मीच सांगितलंय.

१७ जुलै

सासूबाईंनी सणाची टोपी घातली. "मला बेनिग्नोकडे ने." त्याला झापायला निघाल्यात असंच वाटलं. वाटेत एका जीपवाल्याला हात केला.

चौकीत बसल्या. मांडीवर कापड पसरलं, त्यावर कोकाची पानं — अख्खी, बोटांनी चाचपून निवडलेली. मागणी घालताना मुलाकडचे आणतात तशी; पान उचललं की होकार.

"तुझ्याकडून यायला कोणी नाही, आणि तुझी हिंमत होत नाही. म्हणून मुलीची आई मीच आले."

तो माझ्याकडे बघत राहिला.

"तिच्याकडे काय बघतोस? पान उचल."

त्यानं उचललं. मग मीही.