जाताना दणके, येताना लोणी

६ मार्च २०१६, रविवार
आज गाडी पुन्हा घासली. दुकानासमोरच्या गतिरोधकावर, सगळ्या बाजारादेखत. पानवाला ओरडला, "आप्पा, पातेलं पडलं का काय?" भांड्यांच्या दुकानदाराची गाडी, वाजणारच, म्हणालो. हसलो, पण आत कळ गेली. दोन दारांची, दोनच सीटांची जपानी गाडी. वीस वर्षं मनात होती, दिवाळीपासून दारात आहे. जुनीच, पण आपल्याला नवी. लातूरच्या रस्त्यांनी तिचं पोट खरवडून काढलं.
महादेवी एकदाच बसली, घेतली त्या दिवशी. गल्लीच्या टोकाला खड्डा आला, दणका बसला. खाली उतरली आणि चालत घरी आली. बायको किल्लारीची. भूकंपात घराचं माळवद, मातीचं छत, अंगावर आलं, कंबरेचं दुखणं तेव्हाचं. हादरा बसला की अजून चेहरा पांढरा पडतो. 

७ मार्च
शिवरात्र. उपास, त्यात डोकं गरम. बोलून बसलो. "दोनच सीटा, त्यातली एक कायम रिकामी. कशाला मिरवायची असली गाडी? बसव जयंतीपर्यंत तुला बसता येईल अशी केली नाही, तर विकतो." नांदेडचं गिऱ्हाईक तयारच आहे.
म. म्हणाली, "पोटातलं पाणी न्हाई हललं पायजे. तर बसते."
आता आली का पंचाईत. जिभेला हाड नाही म्हणतात ते हेच.

१३ मार्च
पुण्याला सागरला फोन. भाचा, गाड्यांतला किडा. "मामा, दीड इंच खाली घ्या. मोठी चाकं, पातळ टायर. सायलेन्सर बदला. गाडी जमिनीला चिकटून पळते." चिकटतेच आहे बाबा, म्हणून तर फोन केला.
सायलेन्सरचा विषय जेवताना काढला. म. : "शेजारची म्हातारी टँकरच्या भोंग्यानंच दचकून उठती. तिला मारता काय?"
सायलेन्सर रद्द.

२० मार्च
रफिकभाईचं गॅरेज. गाडीखाली झोपून बराच वेळ च् च् करत होता. मग बाहेर येऊन : "आप्पा, नीचे नक्को लेव. ये लातूर है. मोठे चाक बी नक्को, पतला टायर यहाँ के गड्ढों में फटता."
सगळं जग असली गाडी खाली घेतं, आम्ही वर घेणार. घ्या. चुडीवर (आट्यांवर) वरखाली होणाऱ्या स्प्रिंगा, आणि शॉकअपच्या डोक्यावर नॉब, एकेक खटका फिरवला की घट्ट नाहीतर मऊ. इंजिनाखाली जाड पत्रा. चाकं आहेत तीच. सागरला कळवलं. तो नाराज. म्हणे, मामा तुम्ही तिची जीप करताय. करतोय. तिचा लाल रंगही धुळीखाली कुठे दिसतो आता? पाणीटंचाईत धुवायची सोय नाही, पाणी दिसलं की गल्ली मारायला उठेल. ओल्या फडक्यावर भागवतो.

३ एप्रिल, रविवार
स्प्रिंगांचा संच शुक्रवारीच बसवून झाला, सेटिंग राहिलं होतं. आज किल्लारीहून पाणी घेऊन येता येता थेट गॅरेजला गेलो. (मेहुण्याच्या बोअरला अजून पाणी आहे, दर रविवारची फेरी ठरलेली.) रफिकभाईने उंची मापली, स्प्रिंगा फिरवल्या, बॉनेट दाबून बघितलं. "अब बैठी बराबर." औसा नाक्यापर्यंत चक्कर मारली. लोणी! खड्डा आला कधी, गेला कधी, पत्ता नाही. घरी येऊन इतकं वर्णन केलं की म. म्हणाली, "बघू." बघू म्हणजे अर्धं हो.

१० एप्रिल
किल्लारीला जाताना मार मार मारलं. मणके मोजून घ्या. येताना परत लोणी. रस्ता तोच, गाडी तीच, माणूस तोच. म.ला काही सांगितलं नाही.

१७ एप्रिल
तसंच. जाताना दणके, येताना लोणी. निदान झालं : जातानाची डावी बाजू उखडली असणार, ट्रक भरून तिकडेच जातात.

१८ एप्रिल
रस्त्याच्या ऑफिसात अर्ज दिला, "डावी बाजू दुरुस्त करावी." साहेबांनी विचारलं, "जाताना डावी का येताना डावी?" जाताना. "मग येताना ती उजवी होती की हो." होते खरी. अर्ज ठेवून घेतला बिचाऱ्यांनी.

२४ एप्रिल
रफिकभाईचं म्हणणं, सकाळच्या गारव्यात शॉकअपमधलं तेल घट्ट असतं, परतताना गरम होऊन पातळ. म्हणून आज भर दुपारी गेलो. एवढ्या उन्हात कुत्रं रस्त्यावर नव्हतं. जाताना दणके ते दणकेच.
नांदेडचा फोन. विचार करतो म्हटलं. खरं सांगायचं तर रडू आलं. माणसाने एवढं मनावर घेऊ नये गाडीचं. पण गाडीचं घेतलंय कुठे? ती सीट रिकामी आहे त्याचं घेतलंय.

२८ एप्रिल
दुकानात दिवसभर एकच विषय : उदगीर जिल्हा होणार. एकजण पैजेवर आला होता. जिल्हा झाला की नव्या नंबराच्या गाड्या येणार, म्हणे. आधी पाणी येऊ दे. आपला खप मात्र आहे, टाक्या, पिंपं, घागरी. देवा, असला धंदा नको.
घरी आलो. म. कॅनमधलं पाणी माठात ओतत होती. सहज सगळं सांगून टाकलं, दणके, लोणी, अर्ज. तिने माठावर झाकण ठेवलं.
"जाताना कॅन रिकामे असतेत न्हवं?"
मग काय भरलेले?
"मग येताना गाडीत वजन असतंय की. तुमी एकटेच कुठं येता?"
बोटांवर हिशेब मांडला. वीस लिटरचे तीन कॅन, साठ किलो, डिकीत. सेटिंग केलं तेव्हाही भरलेले! म्हणजे गाडी पाण्यासकट बसवली, रिकामी झाली की स्प्रिंगा कडक.
रफिकभाईला फोन. सगळं ऐकून घेतलं. मग, "या अल्ला. आप्पा, वो कॅनां तो मेरी गाडी में बी हैं. स्टेपनी के सरीखे. वजन कौन गिनता?"
मी म.ला म्हटलं, सोपं आहे, जातानाही कॅन भरून नेऊ. "पाणी घेऊन पाण्याला? माझं म्हायेर हसंल."

१ मे
सेटिंग पुन्हा. कॅन रिकामे. पण आता डाव्या सीटवरही वजन हवं. तांदळाचं पोतं ठेव म्हटलं. रफिकभाई मानेना. "बोरी को कमर नहीं रहती, आप्पा. भाबी को लाव."
घरी सांगितलं. पोत्याचं ऐकून खूप हसली. हो मात्र म्हणाली नाही.

५ मे, गुरुवार
आली! म. गॅरेजला, रिक्षाने, एकटी. गाडी जागेवर उभीच. बसली. दाराची मूठ घट्ट धरलेली. रफिकभाई दरवेळी आधी सांगायचा, "भाबी, अब हिलाता." मग बॉनेट हळू दाबायचा. मी बाहेर उभा, हाताचं काय करावं कळेना. चारपाच वेळा झाल्यावर तिने मूठ सोडली. आणि म्हणाली, "अजून एक खटका मऊ करा की."
नॉबवर रंगाच्या दोन खुणा. पांढरी, कॅन रिकामे. पिवळी, कॅन भरलेले. किल्लारीत उतरून नॉब मी फिरवायचा. "बारिश पडी तो पीला मिटा डालूंगा," रफिकभाई. आमीन म्हटलं.
घरी मात्र रिक्षानेच गेली. उभ्या गाडीत बसणं वेगळं, म्हणे.

८ मे
उद्या बसव जयंती. सकाळी वचनं, आरती, मग आजची राहिलेली किल्लारीची फेरी. ती येणार का, विचारलं नाही. नांदेडचा फोन उचलला नाही.
संध्याकाळी घमेल्यात मुरूम भरला, म्हटलं गल्लीच्या टोकाचा तो खड्डा तरी बुजवावा. गाडीशेजारून गेलो तर डाव्या सीटवर तिची कंबरेची उशी.
ती दारातच उभी होती. "काय चाललंय?"
खड्डा बुजवतो.
"राहू द्या तो. तिथंच तर कळंल."
मुरूम परत ओतून आलो.