पाम यंत्रांची आणि डेल्मारची सोय

लिहून ठेवणार मी, व्हर्ना हॅलोरन, वय चौऱ्याहत्तर, धंदा पियानोचे सूर लावणे (आता बंद), राहणार टोलीडो, ओहायो. माझे डोके ठिकाणावर आहे; तोंड जरा वाकडे आहे, पण त्याला कायद्याची हरकत नाही. कोणाच्याही दडपणाखाली न येता, उलट दोघातिघांना दडपून, हे मृत्युपत्र करीत आहे.

१. मुलगा क्रेग याला, त्याने नाताळला दिलेले सगळे फोन परत. खोकी फोडलेली नाहीत. माझे पत्ते, औषधांच्या वेळा आणि निवडक शिव्या पामवर आहेत. तळहाताएवढे, करड्या पडद्याचे यंत्र. बारक्या सेलवर चालते, काडीने त्यावर लिहायचे.

२. अशी माझी सर्व यंत्रे, जिवंत व मेलेली, सुटे भाग व सोल्डरिंग आयर्न डेल्मार पेट्रोस्की याला. आमची जुन्या यंत्रांची मंडळी शनिवारी माझ्या स्वयंपाकघरात जमते, त्यातला हा. त्याने न विचारता माझ्या लाडक्या पामच्या पडद्यामागे निळा दिवा बसवला, तेव्हापासून आमचा अबोला होता. समोरासमोर बसून तिसऱ्याला सांगायचो, "त्यांना म्हणावं, स्क्रू सरकवा."

त्यालाच का, तेही लिहिते. मागाहून क्रेगने कपाळ बडवू नये.

गेल्या हिवाळ्यात मला झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला. क्रेग घरांच्या दलालाला थेट इस्पितळात घेऊन आला. "आई, घर आता तुला झेपायचं नाही. विकून टाकू." मी डाव्या बोटाने पांघरुणावर लिहीत होते. क्रेग म्हणाला, "हात बघा कसा थरथरतोय बिचारीचा."

तेवढ्यात डेल्मार डोनट घेऊन आला. बोटाकडे टक लावून म्हणाला, "थरथरत नाहीये रे, लिहितेय. पामची अक्षरं आहेत ती, एका रेघेत एक. म्हणतेय, घराला हात लावशील तर याद राख."

"काका, तुम्ही मनचं सांगताय!"

"मग मला माहीत नसेल असं काहीतरी विचार तिला."

क्रेगने विचारले, "शाळेच्या नाटकात मी काय झालो होतो?"

डेल्मार एकेक अक्षर मोठ्याने वाचू लागला. "झाड. आणि... स्टेजवरच चड्डी ओली केलीस."

दलालाने बॅग उचलली. क्रेग लाल झाला, मग हसला, मग माझ्या उशाशी बसून रडला.

३. घर क्रेगला. मात्र डेल्मार असेपर्यंत शनिवारी स्वयंपाकघर मंडळींचे. कॉफी क्रेग करील. ती वाईट असते, मुकाट्याने प्यावी.

४. डेल्मारला साक्षीदार व्हायचे होते. वकीलबाई म्हणाल्या, "ज्याला मिळतं, त्याला साक्ष देता येत नाही." तो म्हणाला, "मग मला काही नको. तिच्या नावाखाली माझी सही असू दे."

इतक्या वर्षांत मला असे कोणी बोलले नव्हते. वाचा आता परत आली आहे, म्हणून मी म्हटले, "गप्प बस आणि घे." तो बाहेर गाडीत फुगून बसला आहे. सही झाली की मी जाऊन शेजारी बसणार आहे.

हे वाचून, समजून, डाव्या हाताने सही केली.

व्हर्ना हॅलोरन
टोलीडो, ९ ऑक्टोबर २०२३

साक्षीदार, ज्यांना यातले काहीही मिळत नाही:
१. ओपल ट्रेडवे, शेजारीण
२. ल्युशस बॉमगार्ट, टपालवाला