तुझ्या लेकाचं दुखणं

आत्या, लग्नाआधी मी तुला अगंतुगं करायचे. तुझ्याच घरात सून म्हणून आले तेव्हा आईने बजावलं, आता अहो म्हणायचं, आणि तू जाईपर्यंत मी ते पाळलं. आज परत अगं म्हणते. जे सांगायचंय ते अहो म्हणून सांगता येणार नाही.

गेल्या दिवाळीनंतर तुझा लेक गच्चीवर झोपायला लागला. खाली उकडतं म्हणाला. मग थंडी पडली, सकाळी नळाचं पाणी हाताला झोंबायला लागलं, तरी गोधड्या घेऊन हा वरच. कारखाने सुरू झालेले, त्याच्या वर्कशॉपसमोर उसाच्या ट्रॉल्या दुरुस्तीला उभ्या, दिवसभर वेल्डिंग करून माणूस थकत असेल, असं मी मनाला सांगितलं. मग मन जायचं तिथे गेलं. त्याचा मोबाईल पाहिला. ट्रॉलीवाले आणि बेअरिंगचे दुकानदार, दुसरं कुणीच नाही. कुणी नाही म्हटल्यावर उरले मी. तू गेल्यानंतर माझी गर्भाची पिशवी काढली, ते तुला माहीत नाही. दवाखान्यातून आले तेव्हा गल्लीतल्या बायका म्हणाल्या, सुटलीस बाई, आता नवऱ्यालाही नको आणि तुलाही नको. आणि हसल्या. तेव्हा मीही हसले होते. तो गच्चीवर गेला तेव्हा ते हसणं मला रोज ऐकू यायला लागलं. एका संध्याकाळी केसात गजरा घालून बसले. त्याने गजऱ्याकडे पाहिलं आणि गोधडी उचलून जिना चढला.

जेवायला वाढताना एकदा विचारलंच, "माझं काही चुकलं का?" भाकरीवरून नजर न उचलता म्हणाला, "तुझं काय न्हाई. जेवू दे." तुझं वाक्य आठवलं. मी नवी सून असताना तो माझ्याशी आठवडाभर बोलला नव्हता आणि मी चुलीपुढे रडत होते. तू माझ्या हातातलं पीठ काढून घेतलंस, मला दम भरलास, "नवरा बोलत न्हाई म्हनून रडायचं नसतं. त्याला वाढायचं आन् आपल्या कामाला लागायचं." मग मी वाढत राहिले.

पुढे घरात उग्र तेलाचा वास यायला लागला. नगरच्या रस्त्याला जडीबुटीवाल्यांचा तंबू असतो ना, मर्दानी ताकदीचा बोर्ड लावलेला, तिथून त्याने बाटली आणली होती. एके दिवशी दुपारीच घरी आला, पाय फाकून चालत, आणि मोरीत शिरला तो बाहेर येईना. मी दाराशी उभी राहिले. म्हटलं, सांगितल्याशिवाय मी इथून हलत नाही. बऱ्याच वेळाने कडी निघाली. ट्रॉलीचा आस एकटा उचलणारा माणूस पालथ्या बादलीवर बसला होता. म्हणाला, "गाठ हाय. आन् वाकडं झालंय. ताठ झालं की वर वळतंय, लई दुखतंय." मग माझ्याकडे न बघता, "कॅन्सर असंल."

मी पाहिलं, आत्या. तुझ्या लेकाला मी पहिल्यांदाच उजेडात नीट पाहिलं. वरच्या बाजूला कातडीखाली हरभऱ्याएवढं काहीतरी टणक होतं, आणि त्या तेलाने कातडी पोळून फोड आलेले. भाजल्यावर लावायची ट्यूब आणून लावली. इतक्या महिन्यांनी माझा हात त्याला लागला, तो असा. तो ओठ दाबून रडत होता आणि मला, खोटं कशाला सांगू, आधी हायसं वाटलं. दुसरी बाई नव्हती. माझी पिशवी नव्हती. मग त्याचं तोंड पाहिलं आणि ते हायसं वाटणंही गेलं.

नगरला लघवीच्या विकारांच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. मला बाहेरच बस म्हणाला. बाकड्यावर सगळे पुरुष, सगळ्यांची नजर खाली. थोड्या वेळाने डॉक्टरांनी मला आत बोलावून घेतलं. हा मान खाली घालून बसलेला. डॉक्टर तरुण होते, शांत बोलायचे. म्हणाले, कॅन्सर नाही, याचा कॅन्सर होतही नाही. आत रक्त भरतं त्याच्याभोवती एक आवरण असतं, ते ताणतं. त्याला कधीतरी बारीक इजा होते, माणसाला कळतही नाही, आणि ती भरताना वण राहतो. वण ताणत नाही. बाकीचं ताणतं, तेवढी जागा मागे राहते, म्हणून त्या बाजूला वळतं. तुझा लेक पहिल्यांदा बोलला. "म्हंजे वेल्डिंगसारखं. एका अंगाला टाका बसला की गार होताना पत्रा तिकडंच वढतो." डॉक्टर म्हणाले, "अगदी तसंच." मला वाटलं, आता याचा जीव भांड्यात पडेल. पण पत्रा ओढला की काय करावं लागतं ते त्याला माहीत होतं. म्हणाला, "मग दुसऱ्या अंगानं बी वढावं लागंल. लांबी कमी हुनार." डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "हो. थोडी होते."

मग त्यांनी कागदावर रेघा काढून समजावलं. हा आजार आधी कच्चा असतो, मग पक्का होतो. दुखतंय, वाक वाढतोय, तोवर कच्चा. त्या काळात ऑपरेशन करत नाहीत, कारण आज सरळ केलं तर उद्या परत वळेल. दुखणं थांबलं आणि काही महिने वाक आहे तेवढाच राहिला, की पक्का. मग वाक किती ते मोजायचं. तीस अंशांच्या आत असेल आणि संबंधाला अडचण नसेल तर सहसा हात लावत नाहीत. तीस ते साठ म्हणजे मध्यम. साठच्या वर जास्त. मध्यमला दुसऱ्या बाजूने टाके घालतात. जास्त असेल तर वण कापून तिथे ठिगळ लावतात, पण त्यात पुढे ताठरपणा कमी होण्याची भीती मोठी, आणि याला तर साखर आहे. ताठरपणाच गेला तर आत कांडी बसवायची. गोळ्यांनी वण विरघळत नाही, दुखणं तेवढं कमी होतं. डॉक्टरांनी काही लपवलं नाही, आणि म्हणूनच आम्हाला धरायला काही मिळालं नाही.

निघताना त्यांनी विचारलं, घरात कुणाच्या हाताची बोटं तळव्यात वळलेली होती का? याने पटकन सांगितलं, "व्हय, आबांची." त्याचे आबा म्हणजे माझे मामा; त्यांचा उजवा हात माझ्या डोळ्यांपुढे आला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत मिटलेलं, देवापुढे हात जोडले तरी तळवे न जुळणारे. सगळे म्हणायचे, मोट धरून धरून हात आखडला. डॉक्टर म्हणाले, हा त्याच जातीचा वण, काही घराण्यांत चालतो. मी विचारलं, मग मामांनाही हे झालं असेल का? ते म्हणाले, "झालंच असेल असं नाही. आता कसं सांगणार?"

एसटीत तुझा लेक खिडकीबाहेर बघत होता आणि माझ्यासमोर तू होतीस. आपण दोघी मागच्या दारी तूर निवडत बसलोय. माझी धाकटी मुलगी नुकतीच शाळेत जायला लागलेली. तू सुपातून नजर न काढता म्हणतेस, "तुझे मामा चाळिशीतच वसरीवर झोपाया गेले. मला वाटलं, माझ्यात काय खोट आली. उपास केले, अंगारे आनले. मग मीच इचारायचं सोडलं." मला लाज वाटली, मी तूर निवडत राहिले. त्याच दिवशी संध्याकाळी तू मला तुझी मऊ इरकल दिलीस, लग्नातली, म्हणालीस, तू नेस, मला आता कुठं मिरवायचं. मी ती आनंदाने नेसले. ती कुणासाठी घडी घालून ठेवलेली होती हे मला समजलं नाही.

आत्या, मामांचं तेच असेल का? कदाचित त्यांनाही दुखत असेल, तेही घाबरले असतील, आणि तू आयुष्यभर स्वतःत खोट शोधत राहिलीस. कदाचित तसं काहीच नसेल. मामा गेले, तू गेलीस, तपासायला कुणी उरलं नाही. तुला आत्ता जाऊन सांगावंसं वाटतं, तुझ्यात काही कमी नव्हतं. पण तेही मला ठाऊक नाही, मला फक्त तसं हवंय.

उन्हाळ्यात त्याचं दुखणं थांबलं. वाक राहिला. डॉक्टरांनी ताण देणारं एक यंत्र दिलं होतं, रोज कित्येक तास लावायचं. सैल पायजम्यात ते घालून तो वर्कशॉपला गेला, खाली बसता येईना, गिऱ्हाइकांनी विचारलं, कंबर धरली का? चार दिवसांनी यंत्र कपाटावर गेलं. पुढच्या खेपेला ताठ होण्याची सुई देऊन, रक्ताचा प्रवाह बघून तपासलं. वाक साठच्या जरा आत, रक्त बरं येतंय, टाक्यांचं ऑपरेशन जमेल म्हणाले. तारीख दिली. आता तो खाली झोपतो, पण भिंतीकडे तोंड करून. मी पाठीवर हात ठेवला तर काढ म्हणत नाही, वळतही नाही. एकदा म्हणाला, "हाय तेवढं बी गेलं तर?" मी म्हटलं, जाणार नाही. मला काय माहीत? परत म्हणाला, "पोरं मोठी झाली. कशाला पायजे आता?"

आज तारीख होती. सकाळी उपाशीपोटी आंघोळ करून त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. मी पिशवी भरली. स्टँडपर्यंत आलो, नगरची गाडी लागली. पायरीवर पाय ठेवून तो उभा राहिला, कंडक्टर ओरडला, आणि तो पाय खाली घेऊन म्हणाला, "एक ट्रॉली आज द्यायची हाय." आणि गेला. मी हाक मारली नाही. भर स्टँडवर काय म्हणून हाक मारायची?

घरी आले, पिशवी अजून दारातच आहे. दुपारी दवाखान्यात नावं लिहिणाऱ्या मुलीचा फोन आला. "पेशंट आले नाहीत, काय करायचं? नाव काढून टाकू का?" मी म्हटलं, नको, पुढची तारीख द्या. ती म्हणाली, "त्यांना विचारून सांगा, पेशंटची इच्छा पाहिजे." मी म्हटलं, द्या तुम्ही.

त्याची इच्छा नाही, आत्या. माझी आहे. इतक्या वेळा तिथे गेलो, मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पिशवी काढलेल्या, पन्नाशीला टेकलेल्या बाईने हे बोलायचं तरी कुणाजवळ? हा कागद मी कुठे पाठवणार नाही, पाठवायला जागाही नाही. तुझ्यापाशी म्हणून सांगते. मला अजून तो हवासा वाटतो.